सरकीचे तीन दिवस

माझ्या हाताला अजून शेणाचा वास येतो, असं आमच्या घरी म्हणतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेवढ्या काळात किती साबण झिजले, पण वास काही हटत नाही म्हणे. मला तर तो येत नाही. आणि खरं सांगू, येत असेल तर येऊ दे बाप्पा. तेहतीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यात ढोरांचा डॉक्टर होतो मी. सरकारी कागदावर 'पशुधन विकास अधिकारी', पण त्या नावानं मला कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. राळेगावात मी 'ढोरायचा डाक्टर', बोरी अरबला 'डाक्टर साहेब', आणि फुलसावंगीकडच्या एका म्हातारीनं तर बदली होईपर्यंत मला 'गायीवाला' म्हणूनच ओळखलं. तिच्या नातवाला ताप आला तेव्हाही तिनं मलाच बोलावलं होतं. मी गेलो, पोराला तपासलं नाही, पण दवाखान्यात नेऊन सोडलं.

आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पेशंटचा मालक किती बोलतो, ते मात्र कोणाला ठाऊक नसतं. 'कालपासून खात नाही' म्हणजे चार दिवसांपासून खात नाही. 'काहीच नाई दिलं साहेब' म्हणजे हळद, गूळ, गोडेतेल, शेजाऱ्यानं सांगितलेला पाला, सगळं देऊन झालं आणि आता डॉक्टर. त्यामुळे ढोरांचा डॉक्टर हळूहळू माणसांचं ऐकणं कमी करतो आणि जनावराकडे पाहायला शिकतो. याचा मला फार अभिमान होता. होता, असं म्हणतोय मी. का ते पुढे येईल.

गोठ्यात शिरलो की माझी पहिली नजर जनावराच्या तोंडावर जायची. ते रवंथ करतंय का? खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून गाय निवांत चघळत बसली असेल, तर निम्मं काम झालं. पोट चालू आहे, मोठं काही नाही. ताप असो, पाय लचकलेला असो, रवंथ चालू दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी मालकाला म्हणायचो, "चिंता करू नको. तोंड हलते ना? मंग झालं." हे वाक्य मी किती हजार वेळा म्हटलं असेल, देव जाणे. ते कधी खोटं ठरल्याचं मला आठवत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कॉलेजात कोणी शिकवली नाही आणि नोकरीतही मी शिकून घेतली नाही. जनावर बरं होणार नसेल, तर काय करायचं?

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरून सोमला राठोड नावाचा म्हातारा सायकलवर मला बोलवायला आला. त्याची गाय नाल्याच्या उतारावर घसरली होती. तांड्यात आईला याडी म्हणतात. सोमला त्या गायीलाच याडी म्हणायचा, कारण त्याच्या घरातली तिन्ही पोरं तिच्या दुधावर वाढली होती. मी गेलो, हात लावून पाहिलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. एवढ्या मोठ्या धडाचं ते हाड जुळत नाही. गाय पुन्हा उभी राहणार नव्हती, आणि ढोर एकदा आडवं पडलं की त्याचं स्वतःचं वजनच त्याला खातं. मी हे सोमलाला सांगितलं. तो अगदी हळू म्हणाला, "साहेब, तुमच्याजवळ झोपाची सुई रायते ना? याडीले झोपवून टाका. लय तरास होऊन राह्यला तिले."

सुई होती. कायद्यानं मला अधिकारही होता. पण गाय होती ती. भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यातला एक जण लगेच म्हणाला, "गायीले सुई? काय बोलता बुवा!" मी पोरगेला डॉक्टर, नुकतं लग्न झालेलं, त्या भागात अजून चार वर्षं काढायची होती. डॉक्टरनं गाय मारली, असं एकदा गावात झालं की संपलं. मी पिशवी आवरली आणि म्हणालो, "उद्या पाहू सोमलाभाऊ. उद्या येतो मी." दुखणं कमी करणारं एक इंजेक्शन टोचलं आणि निघून आलो. गेलो पाचव्या दिवशी. तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. ते चार दिवस सोमला पळसाची फांदी घेऊन कावळे हाकलत गायीजवळ बसून होता, असं त्याच्या सुनेनं सांगितलं. तो स्वतः मला एक शब्द बोलला नाही. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. त्यानं मला हिशेबातूनच काढून टाकलं होतं.

त्यानंतर मी सुधारलो असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सुधारलो. 'उद्या पाहू' हे माझं औषधच झालं. अर्ध्या वेळी उद्यापर्यंत जनावर आपोआप जायचं आणि माझी सुटका व्हायची. मालकही माझे आभार मानायचे, डॉक्टर शेवटपर्यंत प्रयत्न करत होते म्हणून.

निवृत्तीनंतर दारव्ह्याला राहायला आलो आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून बसलो. नुसतं बसवत नव्हतं, दुसरं काय! आता पेशंट बदलले. बकऱ्या येतातच, पण कुत्री येतात, मांजरं येतात, एकदा एक बाई पर्समध्ये पोपट घेऊन आल्या होत्या. आणि मागच्या पावसाळ्यानंतर एक दिवस वसंतराव आणि निर्मलाताई ससा घेऊन आले.

वसंतराव तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. घराण्यात तीन पिढ्या कचेरीची नोकरी. माणूस घरातही टिपणी लिहिल्यासारखं बोलतो. 'सदर जनावर दिनांक अमुकपासून अल्प आहार घेत आहे,' हे त्यांचं मला म्हटलेलं पहिलं वाक्य. निर्मलाताई राळेगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. चाळीस वर्षं कारकुनाच्या घरात काढली तरी जिभेवरची वऱ्हाडी तशीच्या तशी. मूलबाळ नाही. दोघांचं आयुष्य अगदी सरळ रेषेत चाललेलं, आणि त्या रेषेत एका गुरुवारी बोरी अरबच्या बाजारात हा ससा शिरला.

ती हकिगत निर्मलाताईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितली. जाळीच्या पिंजऱ्यात तीन ससे घेऊन एक माणूस बसला होता. दोन गिऱ्हाइकांनी खाण्यासाठी नेले. तिसरा राहिला. "तो मह्याकडे पाहून राह्यला होता हो डाक्टर. मी मेथी घ्याले गेलती, अन् ससा घेऊन आली." ससा नव्हता, सशी होती. पांढरीशुभ्र, आणि नाकावर काळा ठिपका. कापसात एखादी सरकी राहून जावी तसा. म्हणून नाव सरकी.

वसंतराव आठ दिवस बायकोशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी सरकी त्यांच्या पायावर येऊन बसली. दहाव्या दिवसापासून हा माणूस रोज पहाटे खुरपं घेऊन हरळी आणायला जाऊ लागला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर साहेब गणपतीचे मोठे भक्त झाले. एका शेजारणीनं तर आपल्याही एकवीस जुड्या आणाल का, म्हणून विचारलं. वसंतरावांनी महिनाभर तिला दूर्वा आणून दिल्या, पण खरं सांगितलं नाही. सशासाठी गवत कापतो म्हणायला लाज वाटत होती.

अशी सात वर्षं गेली. सशाच्या मानानं सात म्हणजे म्हातारपण.

सरकीच्या डाव्या जबड्याखाली गाठ होती, लिंबाएवढी. मी मनात म्हटलं, गळू आहे. बैलाची असली गळवं मी शेकड्यानं फोडलीत. चीर दिली की पू वाहून जातो, आठवड्यात बैल औताला. पण सशाचा पू वाहत नाही. तो चक्क्यासारखा घट्ट असतो, आत चिकटून बसतो. तो मी काढला, जखम धुतली, औषधं दिली. वसंतरावांनी वही घातली. सकाळी किती पानं खाल्ली, पाणी किती, लेंड्या किती आणि केवढ्या, सगळं वेळेसकट. चेष्टा करू नका, सशाच्या बाबतीत लेंड्यांची मोजणी ही फार कामाची गोष्ट आहे. पोट थांबलं की ससा संपला. मला तर ती वही पाहून इतका आनंद झाला की म्हटलं, सगळे मालक असे असते तर!

महिन्याभरात गाठ परत आली. यवतमाळला नेऊन एक्स-रे फोटो काढला. माझ्या मित्राची मुलगी ऋचा नागपूरला लहान जनावरांची डॉक्टर आहे, तिला तो फोटो मोबाइलवर पाठवला. तिचा लगेच फोन आला. "काका, दाताच्या मुळापासून सुरू झालंय. जबड्याचं हाड पोखरलंय सगळं. ऑपरेशन करायचं तर अर्धा जबडा काढावा लागेल. या वयात मी करणार नाही." मग ती म्हणाली, "दुखण्याचं औषध चालू ठेवा. पण वेळ आली की थांबू नका, काका. ससा सांगत नाही. ज्याला सगळेच खायला टपलेत, तो आपलं दुखणं दाखवत नाही."

मी हे दोघांना सांगितलं. वसंतराव म्हणाले, "म्हणजे इंजेक्शन देऊन... आपण कोण ठरवणारे, डॉक्टर? जन्म-मृत्यूचा अधिकार आपल्याकडे आहे का?" निर्मलाताई म्हणाल्या, "तिले दुखून राह्यलं असन तर ठरवाच लागन ना कोणी तरी." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हटलं असेल? तेच. "अजून खातेय ना? पाहू पुढे."

तेव्हा सरकी खरोखर खात होती. हरळी चावता येत नव्हती, पण निर्मलाताई मेथीची पानं अगदी बारीक चिरून, पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजनं तिच्या तोंडात सोडायच्या. दहा वाजता ओट्यावर ऊन आलं की ती अजून तिथे जाऊन पसरायची. वसंतराव पेपर वाचायला बसले की पायाशी यायची. पंधरा दिवस असे बरे गेले, आणि ते त्यांना मिळाले याचं मला आजही समाधान आहे. चूक त्यानंतर झाली.

राळेगावला बायकांच्या बचत गटांना शेळीपालन शिकवायला मला तीन दिवस बोलावलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी वसंतरावांचा फोन आला. भोवती चाळीस बायका, तीन बकऱ्या, एकच गोंधळ. त्यांनी वही वाचायला सुरुवात केली. "आहार, अल्प. पाणी, अल्प. लेंड्या, अकरा, बारीक. चघळणे, दिवसभर चालू."

"चघळतेय ना?" मी म्हणालो. "मग चिंता करू नका. तोंड हलतंय म्हणजे झालं."

मागून निर्मलाताईंचा आवाज आला. स्पष्ट ऐकला मी तो. "त्याईले सांगा, तिच्या तोंडात काहीच नाई. मी बोट घालून पाह्यलं. नुसतीच दात घासून राह्यली ते. अन् डोळे मिटून."

आणि मी, तेहतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, हसत म्हणालो, "वसंतराव, ताईंना सांगा, ते रवंथासारखं असतं. जनावरांचं चालतंच तसं."

ससा रवंथ करत नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे हे. परीक्षेत मी ते लिहून आलो होतो. पण माझे डोळे-कान गोठ्यात तयार झालेले. चघळतंय म्हटलं की माझ्या डोक्यात गाय बसते, चिंचेखाली, निवांत. वसंतराव बिचारे कचेरीतले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे आदेश झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. 'चघळणे, दिवसभर.' मी म्हटलं, छान. तिसऱ्या दिवशी तेच. मागून निर्मलाताईंचा आवाज आता येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी आठ-सव्वाआठला मी त्यांच्याकडे पोचलो. सरकी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. पाठीची कमान झालेली, कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. मी खाली बसलो आणि मला तो आवाज ऐकू आला. करकर, करकर, मग जरा थांबून पुन्हा. दोन खडे एकमेकांवर घासावेत तसा. असा आवाज रवंथाचा नसतो. तरी मी मोबाइल तिच्याजवळ धरला, आवाज भरला आणि ऋचाला पाठवला. खरं तर मला कोणी तरी 'नाही, तसं नाही' म्हणायला हवं होतं.

तिचा फोन आला तो मिनिटभरात. "काका, किती दिवसांपासून?"

"तीन."

तिनं तो आवाज पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाली, "काका, ते दुखणं आहे. असह्य झालं की ससे असे दात घासतात. ओरडण्याऐवजी करतात ते."

फोन ठेवला. दोघंही माझ्याकडे पाहत होते. मला सांगता आलं असतं की अचानक बिघडलं, आजाराचं असंच असतं. कोणाला काय कळणार होतं! पण निर्मलाताई समोर उभ्या होत्या, आणि त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी म्हणालो, "ताई, माझी चूक झाली. ती चघळत नव्हती. दुखत होतं म्हणून दात घासत होती. तुम्ही बरोबर सांगत होता. मी तुमचं ऐकलं नाही."

निर्मलाताई भडकल्या. आणि का भडकू नये? "मी सांगतलं होतं ना तुमाले! तीन डाव सांगतलं याईले. डाक्टर म्हनते चघळते, वही म्हनते चघळते, मंग मी काय येडी हाओ? रोज मांडीवर मी घेऊन बसली. तिचं सारं आंग थरथरे. मले कोणी इचारलं का?"

वसंतराव भिंतीला टेकले. "मी... मी फक्त नोंद केली, निर्मला. डॉक्टर म्हणाले म्हणून." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण नागपूरला नेऊ. आत्ता गाडी करतो. आणखी एक मत घेऊ."

"चार तास हालवता तिले गाडीत?" निर्मलाताई म्हणाल्या. "कायले? तुमच्या मनाले बरं वाटाले?"

मी गोणपाटाजवळ तसाच बसून होतो. जन्मभर मी मालकांना काय करायचं ते सांगत आलो, नाही तर उद्यावर ढकलत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. "ताई, तुम्हीच सांगा. काय करायचं?"

त्या खाली बसल्या, सरकीच्या कपाळावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजच करा. पण जरासं थांबा. दहा वाजता ओट्यावर ऊन येते. तिले तिथंच करा."

मी लगेच दुखण्याचं जोरदार इंजेक्शन दिलं, निदान तेवढा वेळ तरी सुसह्य जावा म्हणून. आवाज कमी झाला, पूर्ण थांबला नाही. या कामासाठी मालकाची लेखी संमती लागते, तो कागद मी वसंतरावांपुढे ठेवला. त्यांनी सवयीनं चष्मा लावला, ओळ न ओळ वाचली. 'मालकाचे नाव' या रकान्यापाशी पेन थांबलं. त्या घरातल्या प्रत्येक कागदावर, विजेच्या बिलापासून घरपट्टीपर्यंत, आजवर त्यांचं नाव होतं. त्यांनी तिथे बायकोचं नाव लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. निर्मलाताईंनी सही केली.

बाहेरच्यांना यातलं काही माहीत नसतं, म्हणून सांगतो. सुई दोनदा द्यावी लागते. पहिली गुंगीची. तिनं जनावर गाढ झोपतं, त्याला काही कळत नाही. मग दुसरी, आणि त्या झोपेतच काळीज थांबतं. मालकानं जवळ थांबावं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. पण जनावराला शेवटची ओळखीची हाक ऐकू आली तर बरं, असं मला वाटतं. बरीच माणसं अंगणात निघून जातात. त्यांना दोष देऊ नये, मीही आयुष्यभर निघूनच जात होतो.

पावणेदहाला निर्मलाताईंनी सरकीला उचललं आणि ओट्यावर नेऊन मांडीवर घेतलं. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. आम्ही तिघंही उन्हाकडे पाहत बसलो होतो. रस्त्यानं दुधाचे कॅन वाजवत एक मोटारसायकल गेली, समोरच्या घरातल्या बाईनं 'आज ससा मांडीवर का?' म्हणून विचारलं. ऊन सरकीच्या पाठीवर आलं तेव्हा तिनं डोळे थोडे उघडले. वसंतराव तिच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसले. सत्तरीला आलेला, इस्त्रीच्या पँटमधला माणूस. त्यांनी आपलं बोट तिच्या नाकासमोर धरलं, तिनं ते हुंगलं. आणि त्यांची ती कचेरीतली भाषा कुठे गेली कोणास ठाऊक. "द्या डाक्टर," ते म्हणाले. "माह्या पोरीले नका आता तरास होऊ देऊ."

मी पहिली सुई दिली.

दोन-तीन मिनिटांत तिची मान निर्मलाताईंच्या तळव्यावर आली. करकर थांबली. निर्मलाताईंनी कान तिच्या तोंडाजवळ नेला, पुन्हा ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "थांबलं हो." मी दुसरी सुई दिली. छातीवर नळी ठेवून खात्री केली, मग पुन्हा एकदा केली. "गेली," मी म्हणालो. त्या गोष्टीसाठी आमच्याकडे दुसरा शब्द नाही.

वसंतरावांनी मागच्या अंगणात कढीपत्त्याजवळ खड्डा खणला. मी मदत करू लागलो, तर नको म्हणाले. निर्मलाताईंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला, सरकीला गुंडाळलं, सोबत मेथीची जुडी ठेवली. चिरलेली नव्हे, अख्खी. माती लोटून झाली. हात धुतले. मी पिशवी उचलली आणि फाटकाकडे निघालो. चहाचं कोणी विचारलं नाही. वऱ्हाडात डॉक्टरला कोणी बिनचहाचं सोडत नाही, पण त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून माझ्या टेबलावर कोणतंही जनावर आलं की मी आधी विचारतो, याला खायला कोण घालतं? मग त्या माणसालाच पुढे बसवतो, बाकीच्यांना मागे. त्याला चार साध्या गोष्टी विचारतो. आवडीचं खातं का? हाक मारली की मान वळवतं का? स्वतःचं अंग चाटून साफ करतं का? आणि गेल्या आठवड्यात बरे दिवस जास्त होते की वाईट? वाईट जास्त झाले असतील, तर मी उद्यावर ढकलत नाही. कधी कधी मालक रागावतात, डॉक्टरला घाई झाली म्हणतात. म्हणू देत.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. मी फाटकाची कडी काढत होतो, तेव्हा निर्मलाताई मागून आल्या. त्यांच्या हाताला अजून माती होती. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या.

"डाक्टर, एक इचारतो. खरं सांगाल?"

"विचारा."

"त्या तीन दिवसात किती दुखलं असन तिले?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. फार नाही, ताई. मुक्या जनावराला एवढं कळत नाही. औषध चालूच होतं ना. हजारदा दिलेलं उत्तर, ते ऐकून माणसं घरी जातात आणि झोपतात. मी कडीवरचा हात काढला.

"खूप," मी म्हणालो. "खूप दुखलं, ताई."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा मोडला आणि तिथेच फाटकाला धरून त्या रडू लागल्या, मोठ्यानं, गल्लीची पर्वा न करता. वसंतराव धावत आले, त्यांना सुचेना काय करावं, ते नुसतेच बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मीही उभा होतो. मला निघून जावंसं फार वाटत होतं. नाही गेलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मातीचा एक ओघळ गालावर तसाच राहिला.

"बसा," त्या मला म्हणाल्या. "चहा ठेवतो."